दाराच्या अलीकडचे

“वायरलेस कुणाकडं होता?”

मामांनी हे विचारलं तेव्हा लॅपटॉपवरच्या माहितीपटात फ्रँक सर्पिको, आपल्याच खात्यातली लाचखोरी चव्हाट्यावर आणणारा न्यूयॉर्कचा पोलीस, ३ फेब्रुवारी १९७१ च्या रात्रीची हकीकत सांगत होता. ब्रुकलिनमधला विल्यम्सबर्ग भाग, ७७८ ड्रिग्ज ॲव्हेन्यू, आत हेरॉइन विकणारा एकजण. छाप्याला आलेले चार पोलीस. एक खाली पकडलेल्या पोरांजवळ थांबला, तिघे वर गेले. स्पॅनिश बोलता येणारा सर्पिको, म्हणून गिऱ्हाईक असल्याचं सोंग करून दार उघडायला लावायचं काम त्याच्यावर आलं. दार साखळीपुरतं किलकिलं झालं. त्याने अंग आत रेटलं, दारातच अडकला आणि मागच्यांना हाक मारली. मागून कुणी आलं नाही. आतून .२२ ची गोळी सुटली, ती डोळ्याखाली घुसून जबड्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसली. डावा कान तेव्हापासून गेला तो गेलाच.

मी व्हिडिओ थांबवला. न्यूयॉर्क पोलिसांत ‘दहा-तेरा’ असा वायरलेसवरचा इशारा आहे. पोलीस संकटात असला की तो द्यायचा, आणि ऐकेल त्या गाडीने हातातलं काम टाकून धावायचं. त्या रात्री तो इशारा गेलाच नाही. शेजारच्या बिऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्याने फोन केला आणि मदत येईपर्यंत तोच सर्पिकोजवळ बसून राहिला. हे सगळं मी मामांना मराठीत करून सांगितलं.

“म्हंजे गोळी लागली पोलिसाला, मागं दोन पोलीस हुभे, आन् फोन केला शेजाऱ्यानं.” मामांनी चष्मा काढून बंडीच्या टोकाला पुसला. “मग मी काय इचारतोय? वायरलेस कुणाकडं होता?”

या माहितीपटावरची परीक्षणं मी मिळतील तेवढी वाचून काढली होती. हा प्रश्न त्यांत कुठे वाचल्याचं आठवेना.

माहितीपटाचं नाव ‘फ्रँक सर्पिको’ असंच आहे. दिग्दर्शक अँतोनिनो डी’ॲम्ब्रोझिओ. २०१७ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्याच ट्रायबेका चित्रपट महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि नोव्हेंबरात थिएटरांत आला. समीक्षकांनी त्याला नावं ठेवली नाहीत आणि डोक्यावरही घेतलं नाही. सूर साधारण असा: ऐंशी ओलांडलेला हा दाढीवाला म्हातारा मोठा गोष्टीवेल्हाळ आहे, त्याच्याकडे बघत बसावं, ऐकत राहावं, पण दिग्दर्शक त्याच्या प्रेमात पडलेला आहे, त्याला अडचणीचं काही विचारत नाही, आणि निम्मी गोष्ट तर आपल्याला १९७३ पासून पाठ आहे.

१९७३ म्हणजे अल पचिनो. सिडनी ल्युमेटने सर्पिकोवर केलेला तो सिनेमा इतका गाजला की आता खऱ्या सर्पिकोबद्दल लिहायला बसलेल्या माणसाच्या लेखणीतून आधी पचिनोच उतरतो. परीक्षण कुणाचंही घ्या, पहिल्या दोन-तीन परिच्छेदांत तो हजर. खरा माणूस समोर बसून बोलतोय आणि लोक त्याला त्याच्या सोंगाशी ताडून पाहताहेत. पंढरपूरला जाऊन विठोबा कॅलेंडरसारखा दिसतो का ते बघावं, तसला प्रकार. खुद्द सर्पिकोलाही ल्युमेटच्या सेटवर हे भोवलं होतं. एका प्रसंगाच्या वेळी ‘असं घडलंच नव्हतं’ म्हणून त्याने मध्येच हरकत घेतली, आणि ज्याची गोष्ट त्यालाच सेटवरून जायला सांगण्यात आलं.

तर मी आधी एकटीने पाहिला तेव्हा समीक्षकांशी माझं बहुतेक पटलं. वहीत ‘एकतर्फी’ असा शेरा मारून मोकळी झाले. मे महिन्यात साताऱ्याला मामांकडे गेले, रात्री लाइट होती, मामी म्हणाली, त्यांना काहीतरी दाखव तुझ्या त्या कॉम्प्युटरवर, दिवसभर नुसते ओसरीवर बसून असतात. पोलिसाचा पिक्चर आहे म्हटल्यावर मामा खुर्ची ओढून बसले.

मामा मुंबई पोलिसांत होते. १९७० ला भरती, हवालदार म्हणून निवृत्त. इंग्रजी त्यांना एफआयआरपुरतं कळतं, त्यामुळे दर दोन मिनिटांनी थांबवून मी सांगायचे आणि ते मान हलवायचे. लहानपणीचं इटालियन कुटुंब, बापाचं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान, या भागात ते सरळ झोपले. (समीक्षकही इथे झोपले असावेत, फक्त त्यांनी तसं लिहिलं नाही.) जागे झाले ते पाकिटापाशी.

ते पाकीट १९६६ मधलं. साध्या वेशातल्या ड्युटीवर असताना सर्पिकोच्या हातात कुणीतरी आणून दिलं, आत ३०० डॉलर. तो ते घेऊन वरिष्ठाकडे गेला. वरिष्ठाने सल्ला दिला की एकतर हे विसरून जा, नाहीतर ईस्ट रिव्हरमध्ये पालथा तरंगताना सापडशील. पुढे न्यूयॉर्क पोलिसांतल्या भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी नेमलेल्या नॅप आयोगाने डिसेंबर १९७२ च्या अहवालात या पैशाचा सगळा हिशोबच मांडला. जुगाराच्या अड्ड्यांकडून महिन्याला ठरलेली रक्कम यायची, तिला तिथे ‘पॅड’ म्हणत. प्रत्येकाच्या वाट्याला ‘नट’. हा वाटा मॅनहॅटनच्या मध्यभागात ३०० ते ४०० डॉलर आणि हार्लेममध्ये १,५०० डॉलरपर्यंत.

“हप्ता,” मामा म्हणाले. पॅड कशाला म्हणतात हे समजावून सांगायला मला दोन वाक्यं लागली होती.

त्याच अहवालाने भ्रष्ट पोलिसांचे दोन प्रकार केले आहेत. एक गवत खाणारे, म्हणजे आपसूक हाताशी येईल तेवढं घेणारे, आणि दुसरे मांस खाणारे, स्वतः शिकारीला निघणारे. मी म्हटलं, म्हणजे आपल्याकडचे चिरीमिरीवाले आणि ओरपणारे. मामांना ते पटलं. मग म्हणाले, “आन् पंगतीत बसून उपास करणारे? त्यास्नी काय म्हंत्यात?”

आयोगाने त्यांना नाव दिलेलं नाही.

मामा कशाबद्दल बोलताहेत ते मला ठाऊक होतं, कारण ही गोष्ट आमच्या घरात हळू आवाजात सांगितली जाते. ते ज्या पोलीस ठाण्यात होते तिथे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कलेक्शनवाला वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून एकेकाचा वाटा टेबलाच्या खणात ठेवायचा. मामांनी आपला उचलला नाही. पहिल्या महिन्यात लोकांना वाटलं, कमी पडला म्हणून रुसलाय, तर दुसऱ्या महिन्यात वाढवून ठेवला. तोही तसाच राहिला. तिसऱ्या महिन्यात सगळ्यांची खात्री झाली की हा लाचलुचपतवाल्यांचा माणूस आहे. त्या दिवसापासून चहा बंद. म्हणजे चहा यायचा, सगळ्यांना यायचा, पोरगा ग्लास मोजूनच आणायचा आणि त्यात एक कमी असायचा. मामा घरून थर्मास न्यायला लागले. लाल झाकणाचा तो थर्मास अजून फडताळात आहे. मामीला पोलीस लाइनीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं येईना. एका बाईने जिन्यात गाठून विचारलं, “तुमचे हे असं का करतात हो? आमच्या मुलांच्या फिया कुठनं भरायच्या?” मामी हे सांगताना अजूनही त्या बाईवर चिडत नाही. तिच्या नवऱ्याचा पगार किती होता ते तिला माहीत आहे.

मग मामांना मुद्देमाल खोलीत टाकलं. जप्त केलेल्या सायकली, गावठी दारूचे कॅन, चाकू, रक्ताळलेले शर्ट, प्रत्येकाला लेबल, सुतळी आणि लाखेचं सील. साहेब हसून म्हणाले म्हणे, निदान तिथलं काही जाणार नाही. मामा तिथे नऊ वर्षं बसले. घरी आले की हाताला लाखेचा वास.

मामांनी घेतलं नाही, हे खरं. मामा बोललेही नाहीत, हेही खरं. सर्पिको बोलला. १९६७ पासून तो दारं वाजवत होता. खात्यातले वरिष्ठ झाले, शहराच्या तपास विभागाचे प्रमुख झाले, महापौरांच्या कार्यालयापर्यंत जाऊन झालं. डेव्हिड डर्क नावाचा एक सहकारी त्याच्याबरोबर होता. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि फाइल कुठेतरी ठेवून दिली. शेवटी डेव्हिड बर्नहॅम या वार्ताहराने २५ एप्रिल १९७० ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर बातमी दिली, तेव्हा कुठे महापौर लिंडसे हलले आणि नॅप आयोग नेमला गेला. गोळी लागली ती त्यानंतर. आणि साक्ष त्याने त्या गोळीनंतर, डिसेंबर १९७१ मध्ये, दिली.

हा क्रम मामांना सांगत असताना माझा तो ‘एकतर्फी’चा शेरा मला खुपायला लागला. दुसरी बाजू कुणाची हवी होती मला? खात्याची? खात्याला बाजू मांडायला १९६७ ते १९७० अशी तीन वर्षं होती, कार्यालयं होती, शिक्के होते. पन्नास वर्षांनी एका म्हाताऱ्याला दीड तास मिळाला तर त्यात पुन्हा खात्याला अर्धी भाकरी वाढा, ही मागणी मला आता जरा निर्लज्ज वाटते. समतोल, समतोल म्हणतात तो कधीपासून मोजायचा, हे आधी ठरवायला हवं.

पण म्हणून दिग्दर्शकाला मी सोडत नाही. माहितीपटात खोट आहेच. त्या रात्री त्याला ठरवून पुढे केलं, की मागचे दोघे घाबरून जागीच थिजले? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक कट, दुसरी भेकडपणा, आणि दोहोंच्या मधे आणखी एक जागा आहे: ‘याला काही झालं तर आपल्याला फार वाईट वाटणार नाही’ अशी. मला वाटतं बहुतेक माणसं त्या मधल्या जागेत राहतात. चहाचा ग्लास कमी मोजणारी सगळी तिथलीच. त्या प्रकरणात त्याच्या सहकाऱ्यांवर काही शाबीत झालं नाही. सर्पिकोचा संशय फिटलेला नाही, आणि कॅमेरा त्याच्या संशयाबरोबर राहतो. ते एक वेळ ठीक. माझी तक्रार आहे ती कुतूहल नसल्याची. त्या खात्यात तीसेक हजार पोलीस होते. ते सगळे काही हार्लेमचा वाटा खाणारे नव्हते. त्यांच्या घरी काय बोलणं व्हायचं? दारातून पलीकडे गेलेल्या एकाची गोष्ट आपण पन्नास वर्षं ऐकतोय. दाराच्या अलीकडे उभ्या राहिलेल्यांकडे कॅमेरा वळतच नाही. आणि समीक्षकांनी दिग्दर्शकाला धरलं ते नायकाची जास्त स्तुती केली म्हणून. नायकाकडेच बघत राहिला, यासाठी नाही.

आपल्याकडे तरी काय निराळं आहे म्हणा. पडद्यावर सचोटीचा फौजदार आला की शेवटी त्याच्या हातून कुणाचा तरी मुडदा पडतो, थिएटरात शिट्ट्या वाजतात, आणि ठाण्यातला कारकून, ठाणे अंमलदार, कलेक्शनवाला ही माणसं नुसती मागच्या बाकावर बसलेली दिसतात.

‘फ्रँक सर्पिको’च्या पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, त्याच शहराच्या त्याच खात्यावर दुसरा माहितीपट आला: स्टीफन मेंगचा ‘क्राइम + पनिशमेंट’. त्याचं स्वागत पाहिलं की पहिल्याचं काय चुकलं ते नीट कळतं. सनडान्स चित्रपट महोत्सवात सामाजिक परिणामासाठीचं विशेष ज्युरी पारितोषिक मिळालं, पुढच्या वर्षी टीव्हीसाठीचं एमी पारितोषिक. यात एक नायक नाही. बारा पोलीस आहेत, बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, आणि त्यांनी आपल्याच खात्यावर दावा लावलाय. तक्रार पाकिटाची नाही, आकड्यांची आहे. महिन्याला इतक्या अटका, इतकी समन्सं झालीच पाहिजेत असा वरून दट्ट्या, आणि ती करायची कुठे, तर गरीब वस्त्यांत. कायद्याने असले कोटे बंद झालेले. म्हणून तोंडी. एडविन रेमंडसारखे अधिकारी वरिष्ठांची बोलणी लपवून रेकॉर्ड करतात आणि ती आपल्याला ऐकू येतात. जानेवारी २०१७ मध्ये न्यूयॉर्क शहराने पुराव्याअभावी रद्द झालेल्या सुमारे ९ लाख समन्सांच्या दाव्यात साडेसात कोटी डॉलरपर्यंत भरपाई द्यायचं मान्य केलं होतं. हे त्याच काळातलं.

इथे समीक्षकांना पचिनो आठवायची सोय नव्हती. दाढी नाही, झगा नाही, इटलीचे किस्से नाहीत. गणवेशातली थकलेली माणसं, गाडीत बसून एकमेकांना फोन करणारी. त्यामुळे परीक्षणांना मुद्द्यावरच यावं लागलं. मला हे फार बोलकं वाटलं. माणूस रंगीत असला की आपण त्याचंच परीक्षण लिहितो, त्याच्या तक्रारीचं नाही.

मामांना मी याबद्दल नुसतं सांगितलं, दाखवलं नाही. कोट्याचं ऐकून ते हसले. महिनाअखेर आली की त्यांच्याकडेही ‘केसेस कमी हायेत’ म्हणून ओरडा व्हायचा, मग स्टेशनबाहेर झोपलेल्या चार जणांना उचलून मुंबई पोलीस कायद्याच्या ११०-११७ खाली दाखवायचं. “दंड भरायला पैसं न्हाईत म्हणून त्यो बसायचा आत. सकाळी त्यालाच झाडू मारायला लावायचे.” त्यांनी स्वतः असे किती उचलले, मी विचारलं नाही.

दोन्ही माहितीपटांची माणसं एकदा खरोखर एकत्र आली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये ब्रुकलिन ब्रिजजवळ, राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकून पोलिसी अत्याचारांचा निषेध करणाऱ्या अमेरिकी फुटबॉलपटू कॉलिन कॅपरनिकला पाठिंबा द्यायला काही डझन पोलीस काळे टीशर्ट घालून जमले होते. एडविन रेमंड तिथे होता आणि ८१ वर्षांचा सर्पिकोही. माझ्या मते दोन्ही माहितीपटांचं खरं कथानक त्या दिवशीच्या एका फोटोत आहे, पण ते कुणी केलेलं नाही.

सर्पिकोला इंग्रजीतला ‘शिट्टी वाजवणारा’ (व्हिसलब्लोअर) हा शब्द आवडत नाही. तो स्वतःला दिवा लावणारा म्हणवतो. १७७५ मध्ये इंग्रज फौज येतेय हे कळवायला बोस्टनच्या चर्चच्या मनोऱ्यात कंदील टांगले होते, त्या पॉल रिव्हिअरच्या गोष्टीवरून. मराठीत आपण ‘जागल्या’ म्हणतो. मला हा शब्द दोन्हींपेक्षा सरस वाटतो, आणि जास्त कडूही. गावगाड्यातला जागल्या रात्रभर फिरायचा, गावाने दिलेल्या धान्यावर जगायचा, आणि चोरी झाली की पहिला जाब त्यालाच. माग काढ, नाहीतर तूच सामील असशील. गावाच्या वेशीवर राहणारा माणूस तो, पंगतीत त्याचं पान नव्हतंच. आता कुंपणच शेत खातंय म्हणून ओरडणाऱ्याला आपण तेच नाव दिलंय. ठरवून दिलं की सहज पडलं, कोण जाणे, पण अचूक पडलं. जागल्यांना संरक्षण देणारा आपला केंद्रीय कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो अंमलात यायचाच राहिला. पोलिसाची तर आणखी गंमत. पोलीस दलाच्या हक्कांवर निर्बंध घालणारा १९६६ चा कायदा त्याला परवानगीवाचून वर्तमानपत्राशी बोलू देत नाही. १९६६, म्हणजे सर्पिकोच्या हातात पाकीट आलं ते वर्ष.

“मामा, तुम्ही का नाही कुणाला सांगितलंत?” हे मी त्या रात्री विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग १९८२ चं काढलं. त्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलीसच रस्त्यावर आले होते, नेत्यांना पहाटे उचललं, लष्कर बोलवावं लागलं, संघटना मोडली. मामांच्या लाइनीतली काही माणसं नोकरीवरून गेली ती गेलीच. “संगटना हुती तवा कुणाचं चाललं न्हाई. मी एकटा काय करणार हुतो?”

मामी आतून म्हणाली, “तसं नव्हतं काही. मी नको म्हटलं होतं.”

मामांनी तिच्याकडे बघितलं नाही. मला म्हणाले, ते माघारी घे, दाराचं. मी व्हिडिओ मागे नेला. सर्पिको पुन्हा जिना चढला, पुन्हा दार किलकिलं झालं. मामा त्याच्याकडे बघतच नव्हते. ते म्हणाले, थांबव. मग स्क्रीनकडे बघतच सांगायला लागले की सत्त्याऐंशी साली एक नवा पोरगा मुद्देमाल खोलीत आला होता. बीडकडचा. त्यालाही पहिल्या महिन्यात वाटा ठेवला होता. त्याने लाचलुचपत खात्याला अर्ज लिहून आणला होता, दोन पानी, अक्षर मोत्यासारखं. मामा घेत नाहीत हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून सही करायच्या आधी दाखवायला आला.

“मी वाचला. मग त्याला इचारलं, लगीन झालंय का? म्हणला, झालंय, बायको पोटुशी हाय. मी अर्ज घडी करून त्याच्या खिशात घातला.” मामा थांबले. “थर्मासमधला च्या दिला त्याला. फुडं चार-पाच वर्सांनी त्योच कलेक्शन बघायला लागला. लई हुशार हुता.”

बाहेर कुत्री भुंकत होती. मामीने दुधाचं पातेलं उतरवल्याचा आवाज आला.

मी त्यांना सांगितलं की १९७२ मध्ये खात्याने सर्पिकोला शौर्यपदक दिलं खरं, पण ना समारंभ, ना प्रमाणपत्र. सिगारेटचं पाकीट सरकवावं तसं काउंटरवरून दिलं, असं तो सांगतो. महिन्याभरात तो निवृत्त झाला आणि युरोपात निघून गेला. प्रमाणपत्र त्याच्या घरी आलं ते ३ फेब्रुवारी २०२२ ला, गोळी लागल्याला बरोबर ५१ वर्षं झाली त्या दिवशी.

“बरं,” मामा म्हणाले. “लाव फुडं. त्याला पेन्शन किती बसली ते सांगतो का बघू.”